पाडण्यास मंजूर

१२ जानेवारी

आज लिहायला बसले त्याचं कारण एकच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या छताचा तुकडा पडला, आणि तो पडला हे नोंदवून घ्यायला कोणी तयार नाही.

मधली सुट्टी होती म्हणून मुली बाहेर होत्या. गिलाव्याचा जाड थर खिडकीजवळच्या टेबलावर आदळला. टेबलावरच्या उपकरणांचा चुरा झाला. वर आता गंजलेल्या सळया दिसतात, आणि त्या बघायला दारात गर्दी. सगळ्यांना हाकललं, खोलीला कुलूप लावलं आणि राज्याच्या बांधकाम खर्च देखरेख कक्षाला फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, फोनवरचं नोंदलं जात नाही. लेखी पाठवा." लेखी पाठवलं. उत्तर तासाभरात आलं. या कक्षाकडून इतक्या लवकर उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. सदर इमारत पाडण्यास मंजूर असल्याने तिच्या स्थितीचा प्रश्न कक्षाच्या कक्षेत येत नाही.

हा पेच एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे रोज डोक्यात फिरणार नाही. आमच्या या सरकारी मुलींच्या कॉलेजला नवी विज्ञान इमारत मंजूर झाली. त्याच दिवशी जुनी पाडण्यास मंजूर झाली. पाडायच्या इमारतीच्या दुरुस्तीवर सरकारी पैसा घालायचा नाही असा नियम आहे. नियम योग्य आहे, मी केला असता तर हाच केला असता. नवी इमारत जोत्यापर्यंत आली, तेवढ्यात देखरेख कक्षाला कळलं की कंत्राटदाराने अनेक कॉलेजांत न आलेल्या लोखंडाची बिलं लावली आहेत. चौकशी संपेपर्यंत सगळी कामं थांबली. हेही योग्यच. चोराला मोकाट सोडा असं मी कधी म्हणणार नाही.

दोन्ही निर्णय बरोबर आहेत. त्या दोन बरोबर निर्णयांच्या मधोमध माझ्या मुली बसतात.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर म्हणाले, "मला सांगतेस ते वहीत लिही. वही मध्येच झोपत नाही."

१५ जानेवारी

काटकोन येऊन गेला. विद्यापीठाचा निवृत्त अभियंता, कायम ताठ उभा असतो म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. आता त्याचं खरं नाव मलाही आठवावं लागतं. हातोडीने त्याने छताखालची मुख्य तुळई ठोकून पाहिली, मग शेजारच्या रसायनाच्या प्रयोगशाळेतली. आवाज मलाही कळला. भरलेल्या मडक्याचा आणि फुटक्या मडक्याचा फरक कोणालाही कळतो.

त्याने दोन वाटा सांगितल्या. इमारत रिकामी करा, नाहीतर तुळयांना टेकू लावा. तिसरी वाट नाही.

रिकामी केली तर प्रात्यक्षिक परीक्षा गेली. विद्यापीठाच्या नियमात परीक्षा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच, आणि तीही कॉलेजच्या आवारात. परीक्षा गेली की वर्ष गेलं. बाहेरच्यांना वाटतं, वर्षच ना, पुढच्या वेळी देतील. ज्यांचं वर्ष जातं त्यांच्यातल्या निम्म्या परत येत नाहीत. घरचे म्हणतात, झालं तेवढं शिक्षण पुरे. मग कुठल्या तरी दुकानाच्या गल्ल्यावर त्या मला दिसतात, आणि ओळख दाखवावी की नाही हे दोघींनाही कळत नाही.

टेकू लावायचं ठरवलं. मांडव घालणाऱ्याकडे लोखंडी टेकू भाड्याने मिळतात. किरकोळ दुरुस्तीच्या खात्यातून भागवलं. सही माझी, प्राचार्यांची.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "टेकूवर सरकारं चालतात, तुझं कॉलेज का नाही चालणार."

२० जानेवारी

टेकू लागले. प्रयोगशाळेत शिरलं की लोखंडी झाडीत शिरल्यासारखं वाटतं. मुलींनी पहिल्याच दिवशी त्यांना पिशव्या अडकवल्या, दुसऱ्या दिवशी एकीने लंबक टांगला आणि त्याचे आंदोलनकाल मोजत बसली. एक आगाऊ मुलगी टेकूंना 'सर' म्हणते. का, विचारलं तर म्हणाली, तास संपेपर्यंत उभे राहणारे हेच तेवढे आहेत. मी तिला दटावलं. नंतर कार्यालयात जाऊन दार लावून हसले. बऱ्याच दिवसांनी.

२७ जानेवारी

देखरेख कक्षाची निरीक्षक आली होती. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींपेक्षा फार मोठी नसावी. सपाट चपला, पाठीवर पिशवी, चहालाही नाही म्हणाली. त्यांना तसा नियम आहे म्हणे. हे मला आवडलं.

बाकी मात्र काही आवडलं नाही. टेकूंमधून फिरली, फोटो काढले, मग पेनाचं टोपण लावून मला विचारलं, "मॅडम, ही इमारत वापरात आहे का?"

समोर मुली वर्गात बसलेल्या. मी म्हटलं, आहे.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हणाली, "म्हणजे नियमित वापरात? का नुसतं सामान ठेवलंय?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला या मुली दिसत नाहीत का? वापरात आहे असंच लिहा. मी सरकारी कागदावर खोटं लिहीत नाही आणि दुसऱ्याला लिहू देत नाही."

ती बरं म्हणाली, टोपण काढलं आणि लिहिलं. जाताना चेहरा पडला होता. या पिढीला कोणी स्पष्ट बोललेलं खपत नाही. तोच प्रश्न दोनदा विचारायची ही कसली तपासणी.

२ फेब्रुवारी

पत्र आलं. पाडण्यास मंजूर व वापरात असलेल्या इमारतीवर केलेला खर्च ही दुरुस्ती ठरते, सबब तो अनधिकृत. टेकू तात्काळ काढून परत करावेत, खर्च प्राचार्यांकडून वसूल करावा, आणि पालन न झाल्यास प्राचार्य व्यक्तिशः जबाबदार.

वसुलीचं मला काही नाही. पण व्यक्तिशः जबाबदार म्हणजे खात्याची चौकशी, आणि चौकशी चालू असताना निवृत्त झालं की पेन्शन अडकते. किती वर्षं अडकते त्याची उदाहरणं आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ आहेत. माझी निवृत्ती पुढच्या वर्षी आहे. ह्यांचा जन्म खासगी शिकवण्या घेण्यात गेला, त्यांना कसली पेन्शन. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा माझ्या निवृत्तीच्या पैशांवर ठरवून ठेवलंय.

पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग विचारलं, "रिकामी असती तर टेकू चालले असते का गं?" मी म्हटलं, रिकामी करून मुलींना काय झाडाखाली बसवू? ते उठून फीत शोधायला लागले आणि दिवाणखाना मोजायला घेतला. म्हणे पडदे करायचेत. पडद्यांना जमीन कशाला मोजावी लागते हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं.

५ फेब्रुवारी

उपप्राचार्य दार लावून बोलले. गोड माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, टेकू काढून टाकू, वर पांढरा रंग मारून घेऊ, प्रात्यक्षिकं उरकली की सुट्टी लागतेच. "महिनाभराचा तर प्रश्न आहे, मॅडम. इतकी वर्षं उभी आहे, महिन्याने काय बिघडतंय." पत्राचं पालन होईल, परीक्षा होईल, माझी पेन्शन वाचेल. सगळ्यांचं सगळं होईल.

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लिहून ठेवलंच पाहिजे. मी त्यांना बघते म्हणाले, आणि ते गेल्यावर खरंच बघत बसले. रंग किती लागेल, किती दिवसांत वाळेल इथपर्यंत मन गेलं होतं.

मग उठून प्रयोगशाळेत गेले. रसायनाचा तास चालू होता. बारीक चणीची एक मुलगी तुळईच्या बरोबर खाली परीक्षानळी डोळ्यांसमोर धरून उभी होती. रंग बदलायची वाट बघत होती, श्वाससुद्धा घेत नव्हती. वर काय आहे हे तिच्या गावीही नव्हतं. वर बघायचं काम माझं आहे, तिचं नव्हे.

उपप्राचार्यांना नाही म्हणून कळवलं. ते गोडच हसले.

८ फेब्रुवारी

खात्याच्या मुख्य कार्यालयात जाऊन आले. बाकावर बसून काढला दिवस. ज्या ज्या खोलीत गेले, तिथे सगळे माझ्याशी सहमत झाले. इतकी सहमती मी आयुष्यात पाहिली नव्हती. एक म्हणाला, मॅडम, तुमचं शंभर टक्के खरं आहे, पण हे टेबल खर्चाचं आहे, सुरक्षेचं नाही. सुरक्षेच्या टेबलावरचा म्हणाला, अहो अगदी रास्त, पण पाडायची इमारत आमच्या यादीतून गेली. इमारतींच्या यादीत ती नाही, तर तिच्या सुरक्षेची फाइल कुठे लावू? तिसऱ्याने पाणी पाजलं आणि स्वतःच्या मुलीच्या प्रवेशाचं विचारलं.

सर्वांत वरच्या साहेबांची भेट संध्याकाळी मिळाली. ते म्हणाले, "नियम एकासाठी वाकवला तर उद्या प्रत्येक कॉलेज टेकूच्या नावाखाली मजला चढवेल." मला राग यावा असं वाटत होतं, पण आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, याच आवाजात.

परतीच्या गाडीत रडू आलं. शेजारच्या बाईने न विचारता खिडकीची जागा दिली.

९ फेब्रुवारी

डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले तर मागच्या पडवीत नळवाला खटाखट भिंत फोडतोय. ह्यांनी तिथे ओळीने नळ बसवून घेतलेत, खाली लांबच लांब मोरी. दोन माणसांच्या घरात एवढे नळ कशाला, विचारलं. म्हणाले, "एक बंद पडला तर दुसरा असावा." आवारातल्या या सरकारी निवासस्थानाला परवानगीशिवाय साधा खिळासुद्धा ठोकायचा नसतो, आणि खर्च आपल्या खिशातून. मी खूप बोलले. नळवाल्यासमोर बोलले हे चुकलंच.

मला त्यांची काळजी वाटायला लागली आहे. मोठं कपाट कुणाला तरी देऊन टाकलं. पुस्तकांची खोकी बांधून ठेवलीत. परवा वन्संशी फोनवर तासभर बोलत होते, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत का आणि जिना किती उंच आहे. भावाबहिणीचं बोलणं म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण वय झालं की माणसं अशी आवराआवर करायला लागतात, असं ऐकलंय. डॉक्टरांना विचारलं पाहिजे. ही प्रात्यक्षिकं एकदा होऊ देत.

११ फेब्रुवारी

मांडववाल्याचा ट्रक आला. टेकू परत न्या असं आमच्याच कार्यालयाचं पत्र त्याच्याकडे थेट पोचलं होतं. माझ्या सहीशिवाय कसं पोचलं हे उपप्राचार्यांना विचारलं. त्यांनाही आश्चर्य वाटलं म्हणाले.

मांडववाला बिचारा भला. म्हणाला, बाईसाहेब, मला तुमचं वाईट करायचं नाही, पण सरकारी पत्र आलं तर माझी पुढची कामं जातील. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे. वर्ग सोडून मुलींना मैदानावर पाठवलं, शिपायाला माझी खुर्ची-टेबल आणायला सांगितलं आणि ते तुळईखाली मांडून कामाला बसले. टपाल तिथेच घेतलं. हजेरीपटावर सह्या तिथेच केल्या. म्हटलं, आता काढ.

त्याने पाना हातात घेतला, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाना खाली ठेवला. मग माणसांना ओरडला की जेवण करून घ्या रे.

वरून मधूनमधून बारीक माती पडत होती. फायलींवर, केसांत. खोटं कशाला लिहू, मला भीती वाटली. बसायला गेले तेव्हा ताठ होते, पण नंतर उठून जावंसं वाटायला लागलं. मुली मैदानावरून खिडक्यांतून बघत होत्या म्हणून उठता येईना.

दुपारी निरीक्षकबाईचा फोन आला. कुणीतरी कळवलं असणार.

"मॅडम, तिथून उठा."

म्हटलं, लेखी पाठवा.

"नाही पाठवणार." मग पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "मॅडम, मी तुम्हाला हे फोनवर सांगते आहे. फोनवरचं नोंदलं जात नाही, म्हणजे मी सांगितलेलं नाही. इमारत रिकामी असेल तर टेकू दुरुस्ती ठरत नाहीत. पाडण्यापूर्वीची खबरदारी ठरते. रिकाम्या इमारतीतले टेकू काढायचा आदेश मला काढताच येणार नाही. मी तुम्हाला त्या दिवशी दोनदा विचारलं होतं."

"आणि मुली कुठे बसतील?"

"ते माझ्या टेबलावर नाही," ती म्हणाली. "पण उठा. प्लीज."

मांडववाल्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली. तो म्हणाला, ट्रक बिघडला असं सांगतो, तसाही तो बिघडलेलाच असतो.

१२ फेब्रुवारी

आवारात जागा शोधत फिरले. ग्रंथालयात पाणी नाही. सभागृह विद्यापीठाने लेखी परीक्षांसाठी घेतलंय. सायकलींच्या शेडला भिंती नाहीत. व्यायामशाळेला खिडकी नाही, तिथे ॲसिड उघडलं तर मुली गुदमरतील. शेजारच्या खासगी कॉलेजने प्रयोगशाळा देऊ केली होती, पण ती आवाराबाहेर, आणि वर त्यांची अट अशी की विज्ञानशाखेचे पुढचे प्रवेश त्यांच्याकडे वळवायचे. फोन ठेवला.

घरी आले आणि जेवायच्या टेबलाशी बसायला गेले. टेबल जागेवर नाही, तेही ह्यांनी परवा देऊन टाकलं. तेव्हा जमिनीवरच बसले. म्हटलं, संपलं. पाणी असलेली, वारा खेळणारी, आवारातली जागा या कॉलेजात नाही.

ते म्हणाले, "मागच्या पडवीत नळ आहेत."

मी म्हटलं, "अहो, इथे मुलींचं वर्ष बुडतंय आणि तुम्हाला नळांचं पडलंय."

ते हसले, आणि गुडघा धरून हळूहळू उठून झोपायला गेले.

१३ फेब्रुवारी

नळांचं आज सकाळी कळलं. दात घासताना.

किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. नळ चालूच राहिला.

बाहेर आले तर हे बागेत पाणी घालत होते. म्हटलं, हे निवासस्थान आहे, प्रयोगशाळा म्हणून वापरलं तर निवासस्थानाचा गैरवापर. ते म्हणाले, हो. म्हटलं, मला काढतील. हो. पेन्शन अडकेल, तुमचा गुडघा अडकेल. "गुडघा तसाही अडकतोच, आता सवय झाली त्याला." वन्संच्या जिन्याला कठडा आहे, ते त्यांनी विचारून ठेवलंय. आपण तिकडे जायचं आणि इथे मुली येतील. विद्यापीठाच्या नियमात आवार म्हटलंय, खोली कुठली ते म्हटलेलं नाही. नियम त्यांनी माझ्या कपाटातून काढून वाचला होता.

"मग आधी का बोलला नाहीत?"

"तू बाहेरची सगळी दारं ठोठावून आल्याशिवाय घराचं दार तुला दिसलं नसतं."

मला हे बोलणं अजून नीट उमगलेलं नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस मुंग्यांसारखी रांग. प्रयोगशाळेपासून आमच्या फाटकापर्यंत मुली उभ्या, आणि काचेची भांडी हातातून हातात. चंचुपात्रं, ब्युरेटी, ॲसिडच्या बाटल्या वाळूच्या बादल्यांतून. रसायनच्या बाई गेली कित्येक वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलतात, त्या कंबर खोचून रांगेच्या मध्ये उभ्या होत्या. एक ब्युरेट फुटली, तीही त्यांच्याच हातून. त्यांनी मुलींकडे असं बघितलं की कुणी हसलं नाही.

दिवाणखान्यात भौतिक. मागच्या पडवीत रसायन, नळांच्या ओळीसमोर. काटकोनने येऊन सगळं पाहिलं आणि प्रथमच वाकून ह्यांना नमस्कार केला. नाजूक तराजूंना वाऱ्याची झुळूकही चालत नाही, म्हणून ते आमच्या झोपायच्या खोलीत. हे म्हणाले, "त्या खोलीत शेवटी काहीतरी अचूक होणार." रसायनच्या बाईंनी ऐकलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

विद्यापीठाची समिती येऊन मापं घेऊन गेली. मान्यता तात्पुरती, या परीक्षेपुरती. ती पुरे. जुन्या इमारतीला कुलूप लावलं आणि कक्षाला लेखी कळवलं: इमारत आजपासून वापरात नाही. मांडववाल्याने ट्रक रिकामाच परत नेला.

आम्ही वन्संकडे आलो. हे जिना चढताना मध्ये दोनदा थांबले. कठडा आहे, पण फार वरून सुरू होतो. वन्सं खालून म्हणाल्या, "वहिनी, त्याला घाई करू नका, बायकोच्या मागे धावून धावून गुडघे गेलेत त्याचे." मी हसले नाही.

२३ फेब्रुवारी

जुन्या इमारतीत काहीतरी पडल्याचा आवाज पहारेकऱ्याने ऐकला. कुलूप काढायला मी मनाई केली. खिडकीतून पाहिलं, रसायनाच्या बाजूचा छताचा मोठा भाग खाली आलाय. टेकू उभे आहेत, तुळई त्यांच्यावर आहे. पण टेकू तुळईला असतात, सगळ्या छताला नव्हे.

ती परीक्षानळीवाली मुलगी कुठे उभी राहायची ते बरोबर दिसत होतं.

संध्याकाळचं जेवले नाही.

३ मार्च

प्रात्यक्षिकं आज संपली. शेजघरात वजनं घ्यायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, असं बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, पण गुण देताना हात आखडला नाही. त्या बारीक मुलीला शेवटच्या परीक्षेत क्षार ओळखता येईना. ती नळाखाली हात धरून रडत होती. तिला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून कर, नळ कुठे पळत नाहीत. केलं तिने.

कार्यालयात परतले तर आदेश टेबलावर होता. शासकीय निवासस्थानाचा गैरवापर, विनापरवाना नळजोड, आदेशाचं पालन न करणं. चौकशी होईपर्यंत पदावरून दूर. कार्यभार उपप्राचार्यांकडे द्यावा.

ह्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ये मग. जेवायला थांबलोय." बाकी काही नाही. मला वाटलं होतं, थोडं तरी वाईट वाटेल त्यांना. पण ते बागेचं विचारत होते, पाणी कोण घालणार म्हणून. पुरुषांना मोठ्या गोष्टींचं दुःख करता येत नाही, असं मी वन्संना म्हटलं. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या.

७ मार्च

उपप्राचार्य कार्यभाराची यादी टाइप करून घेऊन आले. जुन्या विज्ञान इमारतीपुढे लिहिलं होतं: एक, सुस्थितीत, वापरयोग्य.

मी विचारलं, हे काय. म्हणाले, छापील नमुना आहे, मॅडम, सगळ्या इमारतींपुढे तेच असतं. मग हळूच म्हणाले, निवासस्थान रिकामं करून द्यायचा आदेश येईल, त्यांच्या घरची मंडळी आवारात राहायला यायचं म्हणताहेत. पुढच्या वर्षीचे तास कुठेतरी घ्यावेच लागतील. टेकू आहेतच की आता.

तेव्हा कळलं. ज्यासाठी घर सोडलं ते सगळं या एका ओळीत परत जाणार होतं. माझ्या सहीने.

मी सही केली नाही. त्यांना म्हटलं, कार्यभार देताना प्रत्येक वस्तू दाखवून, मोजून द्यायची असते, तो नियम आहे. परवा निरीक्षकबाईंना साक्षीला बोलवा. पण मोजायला ते आत गेले आणि बाहेर येऊन सुस्थितीत म्हणाले, तर माझ्याकडे दुसरं काही नाही.

९ मार्च

निरीक्षकबाई आली. पाठीवर तीच पिशवी. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे नाही. किल्ल्या, शिक्के, कपाटं झाली. मग आम्ही जुन्या इमारतीशी गेलो. कुलूप मी उघडलं. आतून थंड, मातकट वास आला.

म्हटलं, "पंखे मोजा. तुमच्या यादीत आहेत."

उपप्राचार्य उंबरठ्यापर्यंत आले आणि थांबले. वर बघितलं. खालच्या ढिगाऱ्याकडे बघितलं. बूट उंबऱ्याच्या अलीकडे.

"इथून दिसताहेत की," ते म्हणाले.

"मागचे दिसत नाहीत. आत जा ना. सुस्थितीत आहे."

ते गेले नाहीत. रुमालाने मान पुसली. मी वाट बघितली. परीक्षेत उत्तर येत नसलेल्या मुलीसमोर बघते तशी, घाई न करता. बाहेर कुठेतरी मुली बोलत चालल्या होत्या. शेवटी निरीक्षकबाईने पेनाचं टोपण काढलं आणि त्यांना विचारलं, "सर, ही इमारत वापरात आहे का?"

या वेळी प्रश्न एकदाच विचारावा लागला. नाही, ते म्हणाले. तिने ते त्यांच्याच हाताने यादीत लिहून घेतलं, खाली त्यांची सही, शेजारी स्वतःची, कक्षाचा शिक्का. आता ही इमारत जो उघडेल त्याला आधी स्वतःचं हे अक्षर खोडावं लागेल.

निवासस्थान तिने स्वतः जाऊन पाहिलं. प्रयोगशाळेचं सामान मांडलेलं आहे, म्हणून रिकामं म्हणून नोंदता येत नाही म्हणाली. उपप्राचार्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. तिने फक्त विचारलं, मग सामान कुठे हलवायचं म्हणता, त्या इमारतीत? पुढच्या वर्षी काय ते वरचे ठरवतील.

नळांपाशी ती अडली. खासगी खर्चाने सरकारी भिंतीत बसवलेले, कुठल्या रकान्यात घालायचे? मी म्हटलं, आहेत तसे लिहा. मी सांगते.

यादीची माझी प्रत इथे उतरवून ठेवते.

सुपूर्द केले:

प्राचार्य कक्षाच्या किल्ल्या व शिक्का.

कपाटे, कुलपांसह.

नवी विज्ञान इमारत: जोते. काम थांबलेले.

प्राचार्य निवास: एक. प्रयोगशाळा म्हणून वापरात.

बाग: एक. पाणी घालण्याची जबाबदारी रसायन विभागाने घेतली.

जुनी विज्ञान इमारत: एक. टेकूंसह. रिकामी.

मागच्या पडवीतले नळ: प्राचार्यांच्या पतीने स्वखर्चाने बसवलेले. परत मागितलेले नाहीत.